बावीस वाव बरोबर होती

दाऊद,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. कागद मी चौथ्यांदा पुढ्यात घेतला आहे. पहिल्या तीन वेळी तुझं गाव, तुझी नोकरी, तू मस्कतला पहिल्यांदा कसा उतरलास असं लिहीत गेलो आणि फाडून टाकलं. ते लिहायला इतर माणसं आहेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि सकाळपासून मी तिच्याभोवती फेऱ्या घालतो आहे. बसतो, उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. सून दोनदा विचारून गेली, बाबा, बरं वाटत नाहीये का. बरं वाटत नाहीये, पण तिच्याकडच्या गोळ्यांनी जाणारं ते दुखणं नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "केशवा, आधी शिसं सोड. वरच्या वर दोरी फिरवून काय गावतंय?"

सोडतो. पण थोडा वेळ दे.

शुक्रवारपासून सुरुवात करतो, कारण आपलं जे काही चांगलं होतं ते शुक्रवारचं होतं. आठवडाभर आपण मस्कतच्या गाला भागातल्या वर्कशॉपमध्ये, तू लेथवर आणि मी स्टोअरच्या जाळीमागे. तू नट मागायचास आणि मी तुझ्याकडून सही घेतल्याशिवाय द्यायचो नाही, यावरून आपलं पहिलं भांडण झालं होतं. शुक्रवारी मात्र उलटं. पहाटेची नमाज आटोपून तू वादी अदाईहून निघायचास, रुवीत आम्हा नवराबायकोला, मला आणि सुमनला, गाडीत घ्यायचास, आणि सिदाबच्या किनाऱ्यावर पोचल्यापासून परत येईपर्यंत मी तुझ्या हाताखालचा माणूस. होडी आपल्या अर्बाबची, म्हणजे वर्कशॉपच्या मालकाची, सुकाणू सालिमच्या हातात, आणि पाण्यातलं सगळं तुझं. सालिम ओमानी, आपल्याच वयाचा, अर्बाबच्या नात्यातला. त्याला आपल्यापेक्षा चांगली हिंदी यायची आणि ती तो मुख्यतः तुझी चेष्टा करायला वापरायचा.

बाकीच्या होड्या वरच्या पाण्यात गळ ओढत सुसाट जायच्या, गेदर आणि सुरमईच्या मागे. तू खालचं पाणी ओढायचास. लांब दोरी, टोकाला शिशाचा जड गोळा, त्याच्या मागे तू स्वतः बनवलेला गळ. स्टीलचा चमचा घ्यायचा, दांडा कापायचा, लेथवर चकचकीत करायचा. पाण्यातून ओढला की तो जखमी माशासारखा वळवळायचा. खैरून भाभी म्हणायच्या, आमच्या घरी पाहुण्याला खीर दिली तर वाटी तोंडाला लावा म्हणावं लागतं, चमचे सगळे समुद्रात आहेत. होडी तू इतकी हळू चालवायला लावायचास की सालिम म्हणायचा, यापेक्षा माझी सासू जोरात चालते. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास. शिसं तळाच्या खडकांच्या जेमतेम वरून जायला हवं. जास्त वर राहिलं तर हमूर मासा आपल्या कपारीतून हलत नाही. जास्त खाली गेलं तर ते खडकात अडकतं. त्या दोन-तीन वावांच्या फरकात तुझी सगळी विद्या होती.

तुझ्या नातीच्या, आयेशाच्या वयाची मुलं हे वाचतील, म्हणून सांगतो. दोन्ही हात आडवे पसरले की या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढी दोरी येते, ती एक वाव. तुझ्या नानांना हे त्यांच्या वडिलांनी रत्नागिरीकडच्या खाडीत शिकवलं. दोरीला दर दोन वावेला एक गाठ, दर दहा वावेला लाल धागा. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या मशिदीचा मिनार मागच्या डोंगराच्या खाचेत आला की नाना म्हणायचे, "बावीस." मग दोन लाल धागे आणि एक गाठ पाण्यात जाईपर्यंत दोरी सोडायची. पुढे गेलं की अठरा, त्याच्या पुढे छत्तीस. तळ दाखवणारं यंत्र होडीवर होतं. नाना त्याच्यावर आपली टोपी ठेवायचे.

दाऊद, तुझ्याशी बोलता बोलता मी तिच्याशी बोलायला लागलो. का ते पुढे कळेल.

मी तुला कितीदा म्हटलं, टेपने मीटर मोजून घेऊ, माझ्याकडे स्टोअरमध्ये पन्नास मीटरचा टेप आहे. तू विचारायचास, "तुझा मीटर कोनाच्या हाताचा?" मी म्हणायचो, कुणाच्याच हाताचा नाही, तोच त्याचा गुण. तू मान हलवायचास. ज्या मापामागं मानूस नाय, ते पान्यात काय कामाचं? हा वाद आपण वीसेक वर्षं घातला. कोण बरोबर, ते ठरायचं राहिलं. आता ते ठरवायला तू नाहीस, आणि मला तर आपण दोघं कुठल्या बाजूला होतो तेही नीट सांगता येत नाही.

त्या सकाळींचं मला सगळ्यात काय आठवतं माहीत आहे? मासे नाहीत. सुमनला बोट लागायची, तरी ती यायची, कारण भाभी यायच्या. दोघी मागच्या फळीवर पाय वर घेऊन बसायच्या, डबा उघडायच्या, आणि आपल्या दोघांच्या खोडी एकमेकींना अशा सांगायच्या जणू आपण होडीवर नाहीच. तुझा लेक इम्रान ऑफिसचे फोन बंद करून यायचा. त्याच्या हातात दोरी दिली की तो लहान मुलगा होऊन जायचा. परत किनाऱ्याला लागलं की मासळीचे वाटे पडायचे. आयेशा सगळ्यांकडे पाठ करून उभी राहायची, तू एकेका वाट्यावर बोट ठेवायचास आणि ती न बघता नाव घ्यायची. मोठा हमूर सालिमच्या नावावर गेला की तू म्हणायचास, ही पोरगी आरबांना फितूर आहे. हे सगळं मला तुझ्यामुळे मिळालं. माझा जन्म समुद्रापासून पाच मैलांवरचा आणि तोवर मी कधी होडीत बसलो नव्हतो. हे तुला सांगायचं राहिलं, असं नाही. सांगितलं होतं. तू म्हणालास, मग आता खाली बस, होडी हलते.

आता सांगतो.

दोरी आणि शिसं आठवडाभर माझ्या स्टोअरमध्ये असायचं. खालच्या कप्प्यात ठेवू नकोस, बॅटरीचं ॲसिड तिथं असतं, असं तू मला एकदा नाही, तीनदा बजावलं होतंस. मी वर जागा करतो म्हटलं आणि केली नाही. एका बुधवारी कॅन पाझरलेला दिसला. दोरीचं वेटोळं खालून विरघळल्यासारखं झालं होतं, ओढली की तुटत होती. वरची दहा-बारा वाव तेवढी शाबूत. तुला सांगितलं असतं तर तू चार शिव्या घातल्या असत्यास आणि संध्याकाळी नवी दोरी घेऊन बसला असतास. एवढंच झालं असतं. पण स्टोअरकीपर म्हणून माझा एक तोरा होता, तुला ठाऊक आहे. माझ्या हातून वस्तू खराब होत नाही. मी मत्रहच्या बाजारातून तशीच दोरी, त्याच जाडीची आणली आणि घरी खुणा करायला बसलो. सुमनने टोक धरलं. मी हात पसरून दोन वाव मोजल्या, गाठ मारली, दोन वाव मोजल्या, गाठ मारली, लाल धागा बांधला. आयुष्यभर टेप कमरेला लावून फिरलेला माणूस, आणि ही एक गोष्ट मी हाताने मोजली. कारण तू हातानेच मोजायचास. तुझी दोरी तुझ्याच पद्धतीने करावी, असं मला वाटलं. त्यात मला थोडं प्रेमही वाटलं होतं, हे खोटं नाही.

तू माझ्या खांद्याला लागायचास. माझे हात तुझ्यापेक्षा लांब. हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

दोरी मी मातीत आणि तेलात चोळून जुनी केली. तुझ्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी मिनार खाचेत आला, तू बावीस म्हणालास आणि दोरी मीच सोडली. दोन लाल, एक गाठ. मग ती इम्रानच्या हातात दिली. शिसं जड होतं म्हणून त्याने तळव्याभोवती एक वेढा घेतला. वेढा घ्यायचा नाही, हे तू त्याला लहानपणापासून सांगत आला होतास. पण त्या दिवशी सगळे हसत होते, सालिम त्याच्या सासूचं काहीतरी सांगत होता, आणि तुझं लक्ष मिनाराकडे होतं. शिसं खडकात बसलं. सालिमने इंजिन लगेच बंद केलं, पण होडी आपल्या ओघाने पुढे गेली. इम्रान ओरडलासुद्धा नाही. भाभी ओरडल्या. तू चाकूने दोरी कापलीस, तोवर करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं.

सालिम परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाला, "दाऊद का बाईस ग़लत नहीं होता. नीचे कुछ और है." कुणी ऐकलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू भिंतीला टेकून उभा होतास, सदऱ्यावर रक्त, आणि मला म्हणालास, "वीस असंल रे. न्हायतर एकोनीस. मी इसरलो." मी म्हटलं, आता त्याचा विचार नको करूस. त्या क्षणी मलाही खरंच वाटलं की तू विसरलास. तोवर मी निर्दोष होतो, दाऊद. तीन दिवस.

तीन दिवसांनी स्टोअरमध्ये जुन्या दोरीचा तो शाबूत तुकडा हाती लागला. एक पेटी बांधायची होती. शेजारी होडीवरून परत आलेली नवी दोरी पडली होती. कशामुळे ते सांगता येत नाही, पण मी दोन्ही जमिनीवर अंथरल्या आणि टेप लावला. तुझी दहा वाव बावन्न फूट. माझी दहा वाव एकोणसाठ. बावीस वावेला पंधरा फूट फरक. तुझ्या हिशेबाने तीन वाव. मी सांगितलं ना, सगळी विद्या त्या तीन वावांत होती.

दोन्ही दोऱ्या मी भंगाराच्या पिंपात टाकल्या.

तेव्हाच का नाही बोललो, असं तू विचारशील. तू विचारणार नाहीस, तू तसा नव्हतास. मीच विचारतो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, इम्रान दवाखान्यात आहे, आता नको. मग वाटलं, वेढा तर त्यानेच घेतला होता. मग वाटलं, बोटं काही परत येणार नाहीत. मी प्रत्येक दिवसाला एक कारण शोधलं आणि कारणं संपेपर्यंत महिना गेला. सुमनने एकदाच विचारलं, "त्या दोरीचं काही नव्हतं ना?" मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. गेल्या वर्षी ती आमच्या लेकीकडे पुण्याला राहायला गेली. गुडघ्यांमुळे गेली, असं मी सगळ्यांना सांगतो.

इथपर्यंत मी भित्रा होतो. त्यानंतर जे केलं त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

इम्रानला तुझी काळजी वाटायला लागली होती. रागही होता, पण काळजी जास्त. इतक्या वर्षांची जागा अब्बा विसरलेच कसे? त्याने रुवीतल्या एका डॉक्टरची वेळ घेतली आणि मला म्हणाला, काका, तुम्ही चला, तुम्ही असलात की ते येतील. मी आलो. त्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी तुला तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. परीक्षेला बसल्यासारखा तू घामेजला होतास. तीनपैकी दोन शब्द तू सांगितलेस. तिसरा मलाही आठवत नव्हता, दाऊद. मग डॉक्टरांनी विचारलं, घरी किंवा कामावर काही फरक जाणवतो का? इम्रान माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही आठवडाभर त्यांच्याबरोबर असता. अब्बा विसरतात का?"

मी म्हणालो, "होतं कधी कधी. वयाने होतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेत राग असता तर मी जगलो असतो. राग नव्हता. कुणीतरी खरं बोललं म्हणून सुटल्यासारखा तू दिसलास.

मी आत्ता उठून गच्चीत जाऊन आलो. खाली शाळेच्या बस उभ्या आहेत. मुलं एकमेकांवर इंग्रजीत ओरडताहेत. परत बसलो.

त्या दिवसानंतर तू समुद्रावर गेला नाहीस. सालिम दोनदा घरी आला, यल्ला दाऊद, चल, नुसता बस होडीत, म्हणाला. तू पाठदुखीचं सांगितलंस. नोकरी सोडलीस. गाडी चालवणं सोडलंस, रस्ता चुकेल म्हणून, ज्या रस्त्याने तू तीस वर्षं गेला होतास. हे सगळं मी बघत होतो. आणि एकदा तुझ्या घरी दिवेलागणीला, मगरिबच्या वेळी आलो, तर तू नमाजला उभा आणि भाभी तुझ्या मागे खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर खजुराच्या बिया. तू नमाजचं एक आवर्तन, एक रकात, पूर्ण केलीस की त्या एक बी इकडून तिकडे सरकवत होत्या. मला बघून त्या ओशाळल्या. तू नमाज संपवून मागे वळून विचारलंस, किती झाल्या? तीन, भाभी म्हणाल्या. तीनच हव्या होत्या. तरी तुझ्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मी चहा न घेता निघालो. काम आहे म्हणालो.

आणि तो फोन. माझी नोकरी संपली, मी मुलाकडे मदिनत सुलतान काबूसला राहायला आलो, तेव्हापासून रोज पाच वाजता. "केशवा, काल आपन काय बोललो ते सांगतो. तू तपास." आणि तू सांगायचास. माझ्या मुलाच्या गाडीचं, तुझ्या गावच्या पुलाचं, मी म्हटलेला एखादा शब्दसुद्धा. कधी कधी तर मीच विसरलेलो असायचो आणि तू म्हणायचास, न्हाय, तू असं म्हनालास. मी म्हणायचो, बरोबर आहे, सगळं बरोबर आहे. तू विचारायचास, "खरं ना? माझं मन राखायला न्हाय ना बोलत?" ज्या माणसाने तुझं मन मोडलं, त्यालाच तू रोज हे विचारत होतास. चार वर्षं. मी सुट्टीवर गावी गेलो तरी तू तिकडे फोन करायचास.

एकदा कुरुमच्या बागेत बाकावर बसलो असताना तू अचानक विचारलंस, "त्या दिशी मी किती म्हटलं होतं? बावीस की वीस?" मी म्हटलं, बावीस. तू म्हणालास, "मग चूक माझीच." माझं तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात शेजारून एक बाई मुलांना घेऊन गेली, तू पाय आत घेतलेस, आणि तो क्षण गेला. एका बाईला वाट द्यायला लागते तेवढा वेळ माझा निश्चय टिकला.

तू गेलास तो झटकन. दुपारनंतरची अस्रची नमाज झाली, भाभींकडे पाणी मागितलंस आणि ते येईपर्यंत संपलं. इम्रान म्हणाला, हृदय. तुझं डोकं शेवटपर्यंत धड होतं, हे इम्रानला माहीत नव्हतं. त्याच दिवशी तुला माती दिली. मीही तीन मुठी टाकल्या. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी बसायला आलो, तर बैठकीत गावाकडची माणसं होती. एकजण म्हणाला, बिचारा, शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं, सुटला. इम्रानने मान हलवली. मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो.

निघताना दारात आयेशा होती. बारा वर्षांची झाली आहे आता. तिचं मराठी तुला ठाऊकच आहे. ती म्हणाली, "केशव आजोबा, नाना लास्टला मला पण विसरले होते का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चार दिवसांनी परत गेलो. इम्रान, भाभी आणि आयेशा, तिघांना समोर बसवलं आणि सांगितलं. ॲसिड, दोरी, माझे हात, टेप, भंगाराचं पिंप, डॉक्टरची खोली. वर लिहिलं आहे त्याच क्रमाने. आयेशासाठी काही शब्द इंग्रजीत पुन्हा सांगावे लागले. आपली लाज दोन भाषांत सांगायला लागली की दुसऱ्या वेळी ती जास्त उघडी वाटते.

इम्रानने विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

तीन दिवसांनी, मी म्हटलं.

"आणि डॉक्टरकडे आपण गेलो महिन्याने."

हो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. "माझ्या हाताचं राहू द्या, काका. वेढा मी घेतला होता. अब्बांचं काय करायचं ते सांगा."

भाभी माझ्याकडे न बघता आयेशाला म्हणाल्या, "तुझे नाना चार वर्षांत एकदा पन चुकले नाय. मी मोजत होते." आणि मग मला म्हणाल्या, "मी त्यांना रोज सांगायची. त्यांना वाटायचं, मी बायको म्हनून बोलते. ते म्हनायचे, केशव खोटं बोलनार नाय." त्या उठून आत गेल्या. परत आल्या नाहीत.

इम्रानने वही आणली. चार वर्षांत ज्यांना ज्यांना अब्बांचं डोकं गेलं असं सांगितलं होतं, त्यांची नावं त्याने लिहायला घेतली. डाव्या हाताने लिहितो तो आता, अक्षर मोठं येतं. नातेवाईक, मशिदीतली माणसं, वर्कशॉपमधले, दुबईची आत्या, कुवेतचा मामा. दोन पानं भरली. मग पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, यांना मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. माझं नाव घ्यायचं नाही, अब्बांचं घ्यायचं.

दाऊद, तेव्हापासून मी तेच करतो आहे. दिवसाला तीन-चार फोन होतात, त्याहून जास्त जमत नाही. दुबईची तुझी बहीण रडली. कुवेतच्या मामाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. वर्कशॉपमधला एकजण म्हणाला, जाऊ द्या हो, आता काय उपयोग, आणि त्याला मला समजावावं लागलं की उपयोग आहे. सालिमकडे मी स्वतः गेलो, सिदाबला. तो होडीला रंग लावत होता. सगळं ऐकलं, ब्रश डब्यात ठेवला. "मैंने उसी दिन बोला था," म्हणाला. मग म्हणाला, "तुम ने बहुत देर लगाया, केशव." बैस म्हणाला नाही. मी उभाच होतो, तसाच परत आलो.

तुझ्याकडे माफी मागण्याचा माझा विचार नाही. तू लगेच दिली असतीस. तुझ्या त्या सवयीच्या जोरावरच मी चार वर्षं काढली. मला फक्त एवढं लिहून ठेवायचं आहे की मशिदीचा मिनार खाचेत आला होता, तू बावीस म्हणालास, आणि तिथे बावीसच होती. डॉक्टरच्या खोलीत खोटं मी बोललो. आयेशा, तुला नाना शेवटपर्यंत ओळखत होते. शेवटच्या फोनवर त्यांनी मला तुझ्या गणिताच्या पेपरबद्दल सांगितलं होतं. किती मार्क, तेही. दुसऱ्या दिवशी तोच आकडा त्यांनी मला बरोबर सांगितला असता, पण त्या दिवशी पाच वाजता फोन आला नाही.

यादीत आता पाच नावं उरली आहेत. चार आजच्या आज होतील. पाचवं नाव तुझ्या थोरल्या भावाचं, गावातल्या बडेमियांचं. ते नव्वदीला आले आहेत आणि त्यांना सगळ्यांत जास्त लागलं होतं, इम्रान सांगत होता, आमच्या घराण्यात असं कुणाचं झालं नव्हतं म्हणून. मी त्यांच्या नातवाला फोन करून वेळ ठरवली आहे. उद्या सकाळी, जेव्हा ते ओसरीवर बसतात तेव्हा. नातवाने आधीच बजावलं आहे की बाबांना फार कमी ऐकू येतं. फोन कानाला लावून उपयोग नाही, तो स्पीकरवर ठेवावा लागेल, आणि शेजारपाजारचे तिथे असतीलच. मला ते हळू सांगता येणार नाही. ओरडूनच सांगावं लागेल.